बनेश्वराची घंटा

वेल्ह्याकडे कामगारांच्या बैठकांना जायचे तर वाटेत भोर तालुक्यातले नसरापूर लागते. परतताना तेथल्या बनेश्वराच्या झाडीत घटकाभर टेकावे, हा आमचा जुना शिरस्ता. देवळाच्या घंटेवर क्रूस आहे आणि १६८३ हा आकडा आहे. एकदा ओतकाम करणाऱ्या एका साथीने ती पाहून विचारले, "महादेवाच्या दारी क्रूस? घासून का टाकत नाहीत?" तेव्हा आम्ही अर्धेच उत्तर दिले होते; उरलेले आज देतो.

देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातले, १७४९ चे. घंटा त्याहून ६६ वर्षांनी वडील, आणि माहेर तिचे वसई. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली. किल्ल्यात जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन अशा संघांची चर्चे उठली. गिरणगाव जसे भोंग्यावर उठे, तसे ते शहर घंटेवर उठे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला सर केला आणि घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या. एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळ मेणवलीला. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ घेतलेली मेरी आहे.

घंटेच्या धातूत साधारण चार भाग तांबे व एक भाग कथील. तोफेला कथील याच्या सुमारे निम्मे लागते. म्हणजे तांबे वाढवले की घंटेची तोफ होते! लढायांत कित्येक घंटांचे तसे झाले. या वाचल्या, हेच नवल. जुन्या पद्धतीत मातीच्या गाभ्यावर मातीचीच खोटी घंटा करीत, तिच्यावर मेणाची अक्षरे व चित्रे बसवीत आणि वरून साचा लिंपीत. साचा भाजला की मेण पाघळून अक्षरांची पोकळी उरे. मग खोटी घंटा फोडून त्या जागी रस ओतीत. त्या १६८३ मागे कोणा ओताऱ्याची बोटे असणार.

आता थोडे दूर जाऊ. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया मनिलात फ्रान्सिस्कन संघात गेले आणि १५९७ साली नागासाकीला क्रूसावर मेले. त्या फिलिपीन्समध्ये स्पॅनिशांनी गावोगाव चर्चे बांधली. पुढे अमेरिकनांचा अंमल आला. १९०१ साली समार बेटावरच्या बालांगिगात चर्चच्या घंटेचा इशारा होताच गावकरी अमेरिकन शिबंदीवर तुटून पडले. अमेरिकनांनी सूड म्हणून गाव जाळले, तीन घंटा नेल्या. मागता मागता शतक उलटले; डिसेंबर २०१८ मध्ये तिन्ही घरी आल्या.

मग आपल्याही परत द्याव्यात काय? बालांगिगाचे गाव जागेवर होते आणि मागत होते. वसईच्या किल्ल्यातली चर्चे बिनछपराची उभी आहेत. तिथे ती टांगणार कोठे? पण किल्ल्याबाहेर मराठी बोलणारे ख्रिस्ती आजही नांदतात. ते आले तर घंटा कोठली, हे त्यांना सांगणारी एक साधी पाटी तरी हवी. आणि क्रूस घासला तर चिमाजी अप्पांच्या विजयाचा पुरावाच आपण आपल्या हाताने घासू. रंगाचा हात आणि चिंचेचे घासणे, दोन्हींपासून तिला जपले पाहिजे.

पुढल्या खेपेस तो साथी पुन्हा बरोबर होता. त्याने आकड्यांवरून सावकाश बोट फिरवले, लोलक हलकेच लावून कान दिला आणि म्हणाला, "साचा चांगला भाजला होता."