जर्मनीतील तेलटाक्यांची तपासणी

घर उबदार राखण्यासाठी तळघरात किंवा अंगणाच्या पोटात हजारो लिटर इंधनतेल साठविण्याची जी रीत जर्मनीत रूढ आहे, तिच्यावर 1 ऑगस्ट 2017 पासून संबंध देशात एकाच नियमावलीचा अंमल असून, जमिनीखालील टाकी दर 5 वर्षांनी, आणि जलसंरक्षित क्षेत्रात तर दर अडीच वर्षांनी, अधिकृत तज्ज्ञाकडून तपासून घेण्याची जबाबदारी सर्वस्वी मालकावर आहे. मला विशेष मोलाची वाटते ती पुराविषयीची दक्षता: रिकामी होत आलेली टाकी पाण्यात तरंगू लागली की नळ्या तुटतात, तेल भिंतींत मुरते, म्हणूनच घोषित पूरक्षेत्रातील जुन्या टाक्या सुरक्षित करण्यास कायद्याने 5 जानेवारी 2023 ही मुदत घातली होती. तिथे घर घेणाऱ्यांनी खरेदीखतापूर्वी तपासणीचा अहवाल अवश्य मागावा.