ऊन आलं, सुया काढा!

एप्रिलची दुपार. तळवड्यात आयटी पार्कच्या रस्त्यावर तुम्ही बसची वाट बघताय आणि टी-शर्ट पाठीला चिकटलाय. अशा वेळी कुणी म्हणालं, ‘चल, विणायला शिकू,’ तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. विणकाम म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते लोकर, मफलर आणि डिसेंबर!

पण त्याच टी-शर्टची बाही जरा ताणून उजेडात धरा. एकात एक अडकलेले बारीक फासे दिसतील. टी-शर्टचं कापड मागावरचं नसतं, ते स्वेटरसारखंच फासे गुंफून मशिनवर विणलेलं असतं. म्हणजे विणलेला कपडा तुम्ही भर उन्हाळ्यात घालताच. ऊब असते ती लोकरीची, विणीची नाही.

तेव्हा पहिली गोष्ट दोऱ्याची. अ‍ॅक्रिलिक स्वस्त असतं, रंगही झकास मिळतात. पण ते एक प्रकारचं प्लास्टिकच, घाम शोषत नाही. उन्हाळ्यासाठी सुती दोरा घ्या. दुकानात ‘मर्सराइज्ड’ असं लेबल दिसेल. इंग्लंडच्या जॉन मर्सर यांनी १८४४ मध्ये सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून पाहिली, त्यावरून हे नाव पडलं. या दोऱ्याला चमक असते आणि रंग छान खुलतो.

सुताची एक खोड मात्र आहे. ते लोकरीपेक्षा जड आणि ताण न घेणारं. घट्ट विणलंत तर टॉप चिलखतासारखा होतो आणि स्वतःच्याच वजनाने लोंबतो. म्हणून दोरा बारीक, सुई थोडी जाड आणि वीण जाळीदार, एवढं लक्षात ठेवा.

सुरुवातीला क्रोशाची एकच सुई घ्या, साधारण ३ मिलिमीटरची. छातीच्या घेराच्या निम्म्या रुंदीएवढी साखळी घाला. मग एक खांब, एक साखळी, खालचा एक टाका सोडून पुन्हा एक खांब. झाली जाळी! असे दोन आयत विणा, गळ्याला आणि हातांना जागा सोडून खांदे आणि बाजू जोडा. बिनबाह्यांचा टॉप तयार. दर पाच-सहा ओळींनी रंग बदला. घरातले उरलेसुरले सुती दोरे इथेच खपतात.

दोन गोष्टींचा कंटाळा करू नका. आधी १० बाय १० सेंटिमीटरचा नमुना विणून, धुऊन, वाळवून मोजा. धुतल्यावर माप बदललं, तर ते टॉप पूर्ण झाल्यावर कळून उपयोग नाही. आणि लाल, निळा असा गडद दोरा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून बघा. डाग पडला, तर त्याच्या शेजारी पांढरा रंग नको. तयार टॉप दोरीवर टांगू नका, सपाट पसरून वाळवा.

आता खरी गंमत. तळवड्याच्या गल्ल्यांतून फिरलात तर शेडमधून मशिनचा आवाज येतो. गाड्यांचे सुटे भाग इथे सीएनसीवर केसाहूनही बारीक मापात कापले जातात. दोन सुयांचं विणकामही मशिनने केव्हाच उचललं. पण क्रोशा? एका आकडीने फासा ओढायचा, फिरवायचा, हव्या त्या टाक्यात पुन्हा घुसायचं, हे काम कारखान्यातल्या मशिनला अजून जमलेलं नाही. दुकानात ‘क्रोशा’ म्हणून टांगलेला टॉप एकतर मशिनवर केलेली नक्कल असतो, नाहीतर कुणीतरी तो हाताने विणलेला असतो.

मग त्याची किंमत बघा. समजा, तुमच्या टॉपला २० तास लागले. तासाला फक्त ५० रुपये धरले तरी मजुरीच १००० रुपये होते, दोरा वेगळा. हाताने विणलेला टॉप ६०० रुपयांना मिळत असेल, तर विणणारीच्या हातात काय पडलं असेल?

आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते, त्या भागात नरसापूर आहे. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणतात आणि ती परदेशात जाते. मारिया मीस या अभ्यासकाने १९८२ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण असं, की या बायकांना कामगार न मानता गृहिणी मानलं जातं, विणणं म्हणजे फावल्या वेळचा उद्योग समजला जातो आणि म्हणूनच मजुरी इतकी कमी ठेवता येते.

ओळखीचं वाटतंय ना? टीव्हीवरचा रुमाल, दारावरचं तोरण, बाळाचं टोपडं विणणाऱ्या आजीला आपणही ‘हिला काय, वेळच वेळ आहे’ म्हणतोच की.

या सुट्टीत आजीकडे, नाहीतर शेजारच्या काकूंकडे सुई घेऊन बसा. पहिल्या दिवशी बोटं दुखतील, साखळी वाकडी होईल, चार वेळा उसवावं लागेल. टॉप घालून कॉलेजला गेलात, की कुणीतरी म्हणेलच, ‘भारी आहे! मला पण एक करून दे ना.’ तेव्हा हसा आणि तास मोजून किंमत सांगा. आजीच्या तासांसकट.