आवर्तनाची आठवण : विजेच्या लहरीचे शुद्धीकरण

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात गिंडी हे उपनगर आहे. १७९४ साली भूमापनाची शाळा म्हणून सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय १९२० साली येथे आले. १९७८ पासून ते अण्णा विद्यापीठाचे अंग आहे. गिंडीतील औद्योगिक वसाहत १९५८ सालची. विजेचे शास्त्र शिकणारे विद्यार्थी आणि विजेवर यंत्रे चालविणारे कारागीर अशा दोघांनाही एक प्रश्न सारखाच महत्त्वाचा वाटतो : तारांतून येणारी वीज शुद्ध आहे काय? तमिळनाडूत २०१६ साली कमुदी येथे ६४८ मेगावॉटचे सौर केंद्र उभे राहिले आणि घरांच्या छपरांवरही सौरपट्ट्या बसू लागल्या. तेव्हापासून या प्रश्नाची निकड अधिकच वाढली आहे.

शुद्ध वीज म्हणजे काय? आपल्या देशात विजेचा दाब सेकंदाला ५० वेळा चढतो व उतरतो. अशा एका आवर्तनास २० मिलिसेकंद लागतात. ही लहर डौलदार व एकसारखी वळणारी असावी, अशी अपेक्षा असते. सौरपट्टीतून मात्र एकाच दिशेने वाहणारा प्रवाह मिळतो. त्याचे लहरीत रूपांतर करणारे साधन म्हणजे इन्व्हर्टर. त्यातील इलेक्ट्रॉनिक खटके सेकंदाला हजारो वेळा उघडतात व मिटतात, आणि त्या तुकड्यांतून लहर घडविली जाते. समोरासमोरचे दोन खटके एकाच क्षणी मिटले तर मंडल जळेल. म्हणून दर वेळी काही मायक्रोसेकंदांचा विराम ठेवावा लागतो. हे विराम क्षुद्र असले तरी त्यांच्या संचयाने लहरीचा आकार बिघडतो. शिवाय इतरांच्या उपकरणांमुळे जाळ्यातील दाबही मुळातच थोडा विकृत असतो.

तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की जाणत्या कानाला तिच्यात स्वयंभू गंधार ऐकू येतो. मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा तो स्वर होय. कोणतीही आवर्ती लहर अशा पटींच्या लहरींची बेरीज असते, हे तत्त्व फ्रेंच गणितज्ञ फूरिये याने १८२२ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले. विजेतील अशा लहरींना हरात्मक लहरी म्हणतात. तंबोऱ्यात पाचवी लहर गोडवा आणते; विजेत तीच उपद्रवी ठरते. तीन कलांच्या मोटरीत ती चक्राला उलट दिशेने ओढू पाहते. तिसऱ्या पटीच्या लहरी तटस्थ तारेत एकत्र येऊन तिला तापवितात. रोहित्रेही अकारण तापतात. म्हणूनच छोट्या वीजनिर्मिती केंद्रांच्या जोडणीसाठी केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने २०१३ साली केलेल्या नियमांत हरात्मक प्रवाहावर मर्यादा घातली आहे.

यावरील एक उपाय म्हणजे पुनरावर्ती नियंत्रण. तीनताल वाजविताना तेराव्या मात्रेला हात चुकतो, असे तबलजीच्या ध्यानात आले तर पुढील आवर्तनात त्याच मात्रेवर तो सावध राहतो. इन्व्हर्टरमधील दोषही असेच दर आवर्तनाला त्याच जागी परत येतात. सेकंदाला १०,००० मापे घेतली तर एका आवर्तनात २०० मापे होतात. प्रत्येक मापाच्या वेळी किती चूक झाली, हे २०० कप्प्यांच्या स्मृतीत साठविले जाते आणि पुढील आवर्तनात त्याच स्थानी तितकी दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीत मिळविली जाते. चूक उरली असेल तोवर दुरुस्ती वाढत राहते. सर्व पटींच्या लहरी एकाच आवर्तनात सामावलेल्या असल्यामुळे प्रत्येकीसाठी निराळी योजना करावी लागत नाही. पुढे काय येणार हे ठाऊक असल्याने दुरुस्ती थोडी अगोदरही सोडता येते व यंत्राचा विलंब भरून निघतो.

सतत येणारा उपद्रव पूर्णपणे घालवावयाचा तर त्याची प्रतिकृती नियंत्रकाच्या अंगी असली पाहिजे, हा सिद्धांत फ्रान्सिस व वॉनहॅम यांनी १९७६ साली मांडला. जपानमध्ये इनोउए व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोटॉनांना वेग देणाऱ्या यंत्राच्या चुंबकांना अचूक वीजपुरवठा करण्यासाठी पुनरावर्ती पद्धती वापरली. त्यांचे हे काम १९८१ साली प्रसिद्ध झाले.

या पद्धतीचे बळ स्मृतीत आहे. तिची दुर्बलताही तेथेच आहे. अकस्मात आलेला धक्का तिला एक आवर्तन उलटल्यावाचून सुधारता येत नाही, म्हणून तिच्या जोडीला शीघ्र नियंत्रक ठेवावा लागतो. अतिजलद लहरींची आठवण जशीच्या तशी जपली तर नियंत्रण अस्थिर होते, म्हणून ती गाळणीने मुद्दाम पुसट केली जाते. तिसरी अडचण विजेच्या जाळ्याचीच आहे. भारतात वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ यांच्या दरम्यान राखावयाची असते. ती ४९.९० झाली की आवर्तन २०.०४ मिलिसेकंदांचे होते आणि २०० ऐवजी २००.४ कप्पे हवेत. अपूर्णांकी कप्पा तर असू शकत नाही! मग तेराव्या पटीची लहर ६५० ऐवजी ६४८.७ हर्ट्झवर सरकते आणि जुनी दुरुस्ती तिला नेमकी लागू पडत नाही. यासाठी शेजारच्या दोन कप्प्यांतील मापांवरून मधले मूल्य काढतात, अथवा मापे घेण्याचा वेगच वारंवारतेप्रमाणे बदलतात.

पूर्वी लहरीचा आकार मुख्यतः वीजकेंद्रातील प्रचंड जनित्रे ठरवीत असत. आता त्या कामात छपरांवरील लहान इन्व्हर्टरही सहभागी झाले आहेत. एका घरचा इन्व्हर्टर आपली चूक किती लवकर ओळखतो, यावर शेजारच्या कारखान्यातील मोटर थंड राहणार की तापणार, हे काही अंशी अवलंबून असते.