जुनी हार्ड डिस्क ‘नॅस’च्या डब्यात घालताय? ‘ओके’ दाबण्याआधी हे वाचा

शिरोळ : ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेचं पाणी गावागावात शिरलं, तेव्हा बातमीसाठी जे काही टिपलं ते सगळं माझ्या एका २ टीबीच्या हार्ड डिस्कवर आहे. नावेतून बाहेर काढलेली माणसं, पडलेल्या भिंती, दावणीची जनावरं. जुलै २०२१ चा पूरही त्यातच. शिवाय गावातली लग्नं, यात्रा, ग्रामसभा आणि आज हयात नसलेल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचे फोटो. अजूनही कुणी ना कुणी येतं आणि म्हणतं, “दादा, आमच्या आईचा एखादा फोटो असला तर बघा की.”

ही डिस्क मागच्या महिन्यात मी माझ्याच हातानं पुसणार होतो. एका क्लिकवरून वाचली.

झालं असं, की स्टुडिओ बंद केलेल्या एका मित्राकडून दोन कप्प्यांचा ‘नॅस’ डबा स्वस्तात मिळाला. म्हटलं, बरं झालं, डिस्क यात घालू, म्हणजे घरातल्या सगळ्यांना मोबाईलवर फोटो दिसतील. डिस्क बसवली, डबा चालू केला, ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटलो. शेवटी इंग्रजीत दोन ओळी आणि खाली बरोबरची खूण करायचा चौकोन आला. मी खूण करणार तेवढ्यात पोरगं ओरडलं, “पप्पा, थांबा! सगळा डेटा जाणार म्हणतंय ते!”

तेव्हापासून या विषयाच्या मागं लागलो. आता तालुक्यात बरेच जण जुन्या डिस्का वापरात आणायचं बघतायत. त्यांचं माझ्यासारखं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

नॅस म्हणजे नेमकं काय?

‘नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज’ याचं लहान रूप म्हणजे नॅस. सोप्या भाषेत, घरच्या वाय-फायच्या राऊटरला वायरनं जोडलेला हार्ड डिस्कचा डबा. त्यातले फोटो, व्हिडिओ घरातल्या कुठल्याही मोबाईलवर, टीव्हीवर, कॉम्प्युटरवर दिसतात. हे सगळं घरातल्या घरात चालतं, त्यामुळे इंटरनेटचा डेटा जात नाही. रेंज गेली तरी घरचं वाय-फाय चालू असलं की झालं.

आमच्या चुलत्यांनी नाव ऐकलं आणि म्हणाले, “नास? मग नासणारच की!” चेष्टेचा भाग सोडा, पण नीट न वाचता वापरलं तर नासाडी होते हे खरं.

डबा डिस्क पुसतोच का?

हार्ड डिस्क म्हणजे रान समजा. रानात पीक उभं असतं, पण कुठला तुकडा कुणाचा हे तलाठ्याच्या दप्तरात असतं. डिस्कवरही असं एक दप्तर असतं, त्याला फाईल सिस्टिम म्हणतात. कुठली फाईल कुठं ठेवली, किती मोठी, सगळी नोंद त्यात. विंडोजचं दप्तर बहुतेक वेळा ‘एनटीएफएस’ पद्धतीचं असतं. पेन ड्राईव्हवर ‘फॅट३२’ किंवा ‘एक्सफॅट’ असतं.

बाजारात मिळणारे नॅस डबे, म्हणजे सिनॉलॉजी, क्यूनॅप वगैरे, आतून बहुतेक लिनक्सवर चालतात. त्यांची दप्तरं वेगळी, ‘ईएक्सटी४’ किंवा ‘बीटीआरएफएस’ पद्धतीची. शिवाय डबा कप्प्यातल्या डिस्कवर स्वतःच्या कारभारासाठी थोडी जागा वेगळी काढतो आणि दोन डिस्का असतील तर त्यांची जोडी बांधतो. थोडक्यात, तो रान नव्यानं मोजून नवीन हद्दी घालतो. मग जुनं दप्तर राहणार कुठं? म्हणून विंडोजची भरलेली डिस्क अशा डब्याच्या कप्प्यात घालून सुरुवात केली, की फॉरमॅट हा ठरलेलाच. ‘फॉरमॅट न करता पुढे चला’ असं बटण तिथं शोधत बसू नका.

म्हणजे भरलेली डिस्क वापरता येतच नाही का? येते. फक्त कप्प्यात घालायची नाही. चार रस्ते आहेत.

पहिला रस्ता : डब्याच्या यूएसबीला जोडा

बहुतेक नॅस डब्यांना मागं किंवा पुढं यूएसबीचं तोंड असतं. जुनी डिस्क बाहेरच्या केसमध्ये घालून तिथं जोडली, तर डबा ती आहे तशी वाचतो आणि वाय-फायवर दाखवतो. एनटीएफएस आणि फॅट३२ सहसा चालतं. एक्सफॅटला काही डब्यांवर वेगळं ॲप टाकावं लागतं. फक्त लक्षात ठेवा, डब्याच्या स्वतःच्या कारभारासाठी कप्प्यात एक तरी दुसरी डिस्क लागते. ती नवी किंवा रिकामी असू द्या.

दुसरा रस्ता : राऊटरचं यूएसबी

डबा नसला तरी चालेल. तुमच्या राऊटरला यूएसबीचं तोंड आहे का बघा. बऱ्याच राऊटरमध्ये तिथं डिस्क लावून ती वाय-फायवर दाखवायची सोय असते. वेग कमी असतो, पण फोटो आणि साधे व्हिडिओ बघायला पुरतो. लॅपटॉपची छोटी, अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते. कॉम्प्युटरची मोठी, साडेतीन इंची डिस्क तशी चालत नाही, तिच्या केसला वेगळा ॲडॉप्टर लागतो. डिस्क लावल्यावर टक-टक आवाज करून बंद पडत असेल, तर आधी वीज पुरते का ते तपासा.

तिसरा रस्ता : जुना कॉम्प्युटर

घरात जुना विंडोज कॉम्प्युटर पडून असेल तर डिस्क त्यात जोडा, फोल्डरवर राईट क्लिक करून ते ‘शेअर’ करा. झालं तुमचं नॅस. फॉरमॅटचा प्रश्नच नाही. वीज जास्त खातो हा एकच तोटा.

थोडी जास्त माहिती असणाऱ्यांसाठी ‘ओपनमीडियावॉल्ट’ ही फुकटची प्रणाली आहे. ती जुन्या कॉम्प्युटरला नॅस बनवते. भरलेली डिस्क तिच्यात ‘माउंट’ करता येते, म्हणजे न पुसता वापरात घेता येते. ईएक्सटी४ चालतं, एनटीएफएसही चालतं. पण ही प्रणाली टाकताना डेटाची डिस्क काढून बाजूला ठेवा. टाकताना ती विचारते, कुठल्या डिस्कवर बसू? तिथं चुकीची डिस्क निवडली, की ती पुसलीच. प्रणाली छोट्या वेगळ्या डिस्कवर बसवा, चालू झाल्यावर मगच डेटाची डिस्क जोडा. तिथं ‘क्रिएट’ आणि ‘माउंट’ असे दोन पर्याय दिसतात. क्रिएट म्हणजे नवीन बनवणे, म्हणजेच पुसणे. आपल्याला माउंट पाहिजे.

चौथा रस्ता : डब्यातून डब्यात

डिस्क आधीच एका नॅस डब्यात वापरलेली असेल आणि डबा जळाला असेल, तर त्याच कंपनीच्या जुळणाऱ्या दुसऱ्या डब्यात ती घालून डेटासकट चालू करता येते. कुठला डबा कुठल्याशी जुळतो ते कंपनीच्या माहितीत बघून घ्या आणि दोन डिस्का असतील तर त्यांचा क्रम चिकटपट्टीवर लिहून ठेवा. पण एका कंपनीची डिस्क दुसऱ्या कंपनीच्या डब्यात घातली तर ती परत पुसायचीच भाषा करणार.

आणि हो, नॅसमधली डिस्क विंडोजला लावली की “ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा” असं विंडोज म्हणतं. डिस्क बिघडलेली नसते, विंडोजला ते दप्तर वाचता येत नाही एवढंच. तिथं ‘कॅन्सल’ दाबा.

मी काय केलं?

खरं सांगायचं तर पहिल्या रस्त्यानं सुरुवात केली आणि शेवटी एक नवी डिस्क घेतली. नवी डिस्क कप्प्यात घातली, तिलाच फॉरमॅट होऊ दिलं. जुनी यूएसबीला लावली आणि डब्याच्या आतूनच सगळं नव्या डिस्कवर कॉपी केलं. जुनीला धक्काच लावला नाही.

कॉपीला वेळ किती लागतो तेही सांगतो. यूएसबी ३ वर सेकंदाला साधारण १०० एमबी धरलं, तर १ टीबीला पावणेतीन-तीन तास. हेच १०० एमबीपीएसच्या जुन्या राऊटरमधून पाठवलं, तर सेकंदाला जेमतेम ११ एमबी, म्हणजे पूर्ण दिवस आणि वर एखादा तास. बारीक-बारीक फोटो हजारोंनी असतील तर आणखी जास्त. त्यामुळे लाईट कधी जाते ते बघूनच कॉपी लावा. डबा इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर घ्या. मध्येच लाईट गेली तर नुसती कॉपीच अर्धवट राहत नाही, दप्तरही बिघडू शकतं.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडं फाईलींची संख्या आणि एकूण आकार जुळवून बघितला. पाच-सहा मोठे व्हिडिओ सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून बघितले. मग जीव भांड्यात पडला.

आधी हे तपासा

- डिस्कला बिटलॉकर किंवा दुसरं कुलूप असेल तर डब्याला ती उघडता येणार नाही. आधी विंडोजवर कुलूप काढा.
- बाहेरची पोर्टेबल डिस्क केस फोडून कप्प्यात घालायच्या भानगडीत पडू नका. काहींमध्ये केसमधल्या सर्किटचंच कुलूप असतं, काहींना आतलं साधं तोंडच नसतं.
- विंडोजमधून डिस्क काढताना ‘सेफली रिमूव्ह’ करा. तशीच ओढून काढली, तर पुढं लिनक्सचा डबा कधी कधी तिला नुसतं वाचायची परवानगी देतो, लिहायची नाही.
- फॅट३२ च्या डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. लग्नाचा लांब व्हिडिओ कॉपी होत नसेल तर हे कारण असू शकतं.
- डबा थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या व्हायरसनं असेच उघडे असलेले क्यूनॅपचे डबे गाठून फाईलींना कुलूप लावलं आणि खंडणी मागितली. घरच्या वाय-फायपुरतं वापरा, पासवर्ड बदला, अपडेट घ्या.

चुकून फॉरमॅट झालंच तर?

हात लगेच थांबवा. दप्तर फाटलं तरी रानातलं पीक लगेच जात नाही. झटपट फॉरमॅटमध्ये नोंदी जातात, पण फाईली बऱ्याच वेळा तशाच पडून असतात. त्यावर नवीन काही लिहिलं गेलं की मात्र त्या कायमच्या जातात. म्हणून डबा लगेच बंद करा, डिस्क बाहेर काढा आणि डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडं न्या. त्या डिस्कवर स्वतः काही टाकून बघू नका.

मोबाईलवर बघायचं कसं?

मोबाईल त्याच वाय-फायवर पाहिजे. अँड्रॉईडवर ‘व्हीएलसी’ ॲप घ्या, त्यात घरच्या नेटवर्कवरचे डबे दिसतात. आयफोनमध्ये ‘फाईल्स’ ॲपमधल्या तीन टिंबांवर दाबून ‘कनेक्ट टू सर्व्हर’ करा आणि डब्याचा पत्ता टाका. आमच्या घरात आता आई टीव्हीवर यात्रेचे जुने व्हिडिओ लावून मागते.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं

दोन डिस्कांची जोडी बांधली म्हणजे डेटा सुरक्षित, असं बरेच जण समजतात. तसं नाही. जोडीत एक डिस्क बिघडली तर दुसरी चालते, हे खरं. पण चुकून एक फोल्डर पुसलं तर ते दोन्हीवरून त्याच क्षणी जातं. वीज कडाडली तर डबा दोन्ही डिस्कांसकट जाऊ शकतो. आणि आपल्याकडं पाणी येतं, हे कुणाला सांगायला नको.

म्हणून माझा डबा आता माळ्यावर आहे आणि जुनी डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून उंचावरच्या गावात पाहुण्यांकडं ठेवली आहे. दर दोन महिन्यांनी ती आणतो, नवीन काम त्यावर चढवतो आणि परत नेऊन ठेवतो.

जुनी डिस्क न पुसता वापरायची धडपड आपण का करतो? कारण तो डेटा एकाच जागी असतो आणि पोटात भीती असते. दुसरी प्रत तयार झाली की फॉरमॅटचीही भीती राहत नाही. तेव्हा डबा घ्यायच्या आधी एक रिकामी डिस्क घ्या. आणि पडद्यावर इंग्रजीत काही आलं, तर घरातल्या पोराला बोलावून वाचून घ्या. त्यात कमीपणा नाही. माझा २०१९ चा पूर त्यामुळंच वाचला.