थोर कोण? एका प्रश्नाची उकल

प्रास्ताविक

जयपूर शहरातील रामनिवास बागेत अल्बर्ट हॉल नावाचे भव्य वस्तुसंग्रहालय आहे. १८७६ मध्ये इंग्लंडचे युवराज जयपूरला आले असता त्याची पायाभरणी झाली आणि १८८७ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. त्याच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर इजिप्त, बाबिलोन, ग्रीस, चीन अशा प्राचीन संस्कृतींची चित्रे काढलेली आहेत. ती पाहत फिरताना कोणाच्याही मनात सहज प्रश्न येतो : या सर्वांत थोर कोण? सर्वांत मोठे साम्राज्य कोणाचे? सर्वश्रेष्ठ राजा कोणता?

हा प्रश्न तुम्ही चहाच्या टपरीवर, एस. टी. च्या प्रवासात किंवा घरातील गप्पांत अनेकदा ऐकला असेल. कोणी अशोकाचे नाव घेतो, कोणी अकबराचे, तर कोणी सिकंदराचे. बहुधा वाद वाढत जातो आणि निर्णय काहीच होत नाही. असे का होते? या पाठात आपण जयपूर आणि महाराष्ट्र यांच्या इतिहासातील काही उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

१. मोजमाप आधी, निर्णय नंतर

बाजारात धान्य किलोवर मोजतात, कापड मीटरवर आणि दूध लिटरवर. मापच वेगवेगळे असेल, तर दोन वस्तूंची तुलना करता येत नाही. थोरवीच्या वादातही नेमके हेच घडते. एक जण राज्याचा विस्तार पाहतो, दुसरा त्याचा टिकाऊपणा, तिसरा त्याने मागे ठेवलेले ज्ञान, तर चौथा प्रजेचे सुखदुःख. सर्व जण ‘थोर’ हा एकच शब्द वापरतात. परंतु प्रत्येकाच्या मनात त्याचा अर्थ निराळा असतो. म्हणून वादाला आरंभ करण्यापूर्वी आपण कोणते माप लावत आहोत, हे स्पष्ट केले पाहिजे.

२. विस्ताराचे माप

विस्तार हे माप सर्वांत सोपे, कारण ते नकाशावर दिसते. या मापाने पाहिल्यास विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाच्या सुमारे एक चतुर्थांश भूमीवर पसरलेले ब्रिटिश साम्राज्य पहिले ठरेल. परंतु त्याच साम्राज्याच्या अमलाखाली १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि लक्षावधी माणसे अन्नावाचून व रोगराईने मरण पावली. नकाशावरील रंग ही गोष्ट सांगत नाही.

शिवाजी महाराजांचे उदाहरण घ्या. १६६५ मध्ये आमेरचे मिर्झाराजे जयसिंह मोगल फौजेसह दक्षिणेत उतरले. पुरंदरच्या तहाने महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले आणि त्यांच्याकडे १२ किल्ले उरले. विस्ताराच्या मापाने औरंगजेबापुढे हे राज्य अगदी लहान होते. तथापि, महाराजांच्या निधनानंतर औरंगजेब स्वतः दक्षिणेत आला, १७०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच लढत राहिला आणि तरीही ते राज्य त्याला संपवता आले नाही. विस्ताराच्या मापात जो मागे पडतो, तो टिकाऊपणाच्या मापात पुढे जाऊ शकतो.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १६६६ मधील महाराजांच्या आग्रा भेटीची व सुटकेची तपशीलवार माहिती देणारी समकालीन पत्रे आमेर दरबाराच्या माणसांनी राजस्थानी भाषेत लिहिलेली आहेत. जयपूरच्या दफ्तरात ती जपली गेली म्हणून आपल्याला तो प्रसंग इतक्या बारकाईने कळतो. आपल्या इतिहासाचा पुरावा पुष्कळदा दुसऱ्याच्या घरी सापडतो.

३. ज्ञानाचे व निर्मितीचे माप

मिर्झाराजांच्याच घराण्यातील सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये जयपूर शहर वसवले. विद्याधर भट्टाचार्य यांच्या साहाय्याने सरळ रस्ते, काटकोनातील चौक आणि ओळीने दुकाने अशी आखणी करण्यात आली. जयसिंहांनी दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा व वाराणसी येथे वेधशाळा उभारल्या. जयपूरच्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच असून त्याच्या सावलीवरून वेळ सुमारे दोन सेकंदांपर्यंत अचूक वाचता येते. युक्लिडच्या भूमितीचे त्यांच्या पदरी असलेल्या जगन्नाथ पंडितांनी संस्कृतात भाषांतर केले. जंतरमंतरला २०१० मध्ये आणि जुन्या जयपूर शहराला २०१९ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

या मापाने सवाई जयसिंह आपल्या काळातील अनेक विजेत्यांपेक्षा थोर ठरतात. पण त्यांचीही दुसरी बाजू आहे. १७०८ मध्ये मेवाडच्या राजकन्येशी विवाह करताना, तिचा पुत्रच गादीवर बसेल, अशी अट त्यांनी मान्य केली होती. पुढे ईश्वरीसिंह हा थोरला पुत्र दुसऱ्या राणीला झाला. १७४३ मध्ये जयसिंहांचे निधन होताच ईश्वरीसिंह आणि मेवाडच्या राणीचा पुत्र माधोसिंह यांच्यात गादीसाठी युद्ध पेटले. ताऱ्यांचे अचूक गणित करणाऱ्या राजाला स्वतःच्या घरचे गणित सोडवता आले नाही.

४. प्रजेच्या सुखदुःखाचे माप

या गृहकलहात मराठे सरदार उतरले. मल्हारराव होळकरांनी माधोसिंहाचा पक्ष घेतला. ईश्वरीसिंहाकडून मोठ्या रकमा कबूल करून घेण्यात आल्या. त्या वसूल करण्यासाठी होळकरांची फौज जयपूरवर चालून आली, तेव्हा पैसा उभा करणे अशक्य झालेल्या ईश्वरीसिंहाने डिसेंबर १७५० मध्ये विष घेऊन जीवन संपवले. माधोसिंह गादीवर आला, पण पैशाची मागणी थांबली नाही. जानेवारी १७५१ मध्ये नवे शहर व तेथील मंदिरे पाहण्यासाठी आत गेलेल्या मराठ्यांवर जयपूरच्या लोकांनी अकस्मात हल्ला केला आणि त्यांची मोठी कत्तल झाली.

त्या काळातील मराठी सत्तेचा विस्तार आपल्याला अभिमानास्पद वाटतो. परंतु जयपूरच्या व्यापाऱ्याला तीच सत्ता कशी दिसली असेल? आणि फिरायला म्हणून गेलेल्या ज्या मराठ्यांना तेथे प्राण गमवावे लागले, त्यांच्या घरच्यांना ते शहर कसे आठवले असेल? एकाच घटनेकडे दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय इतिहासाचे ज्ञान पुरे होत नाही.

हे माप आपण बाहेरून आणलेले नाही. चिपळूणजवळ तळ देऊन असलेल्या आपल्या घोडदळाच्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पत्र पाठवून बजावले होते की, रयतेला उपद्रव देऊ नये. जे लागेल ते बाजारातून विकत आणावे. तसे न केल्यास लोकांना मोगलच बरे वाटू लागतील, असा इशाराही त्यांनी दिला होता. म्हणजे रयतेच्या सुखदुःखाचे माप खुद्द मराठी राज्याच्या संस्थापकानेच घालून दिले होते. १७५० मधील वसुली त्याच मापाने तपासली पाहिजे.

५. स्वतःची चूक सांगणारा सम्राट

जयपूरच्या उत्तरेस बैराट हे प्राचीन स्थळ आहे. तेथे सम्राट अशोकाचे शिलालेख सापडले. त्यांपैकी एकात त्याने विजयाचा गौरव केलेला नाही, तर बौद्ध संघाला वंदन करून काही धर्मग्रंथांचे श्रवण व मनन करण्याची शिफारस केली आहे. आपल्या तेराव्या शिलालेखात त्याने कलिंग युद्धात एक लाख माणसे मारली गेली व दीड लाख माणसांना देशोधडीला लावले गेले, असे स्वतः नोंदवून पश्चात्ताप व्यक्त केला. विजेत्याने विजयाची किंमत स्वतः लिहून ठेवावी, हे इतिहासात दुर्मीळ आहे. मात्र हा लेख कलिंगातील धौली व जौगड येथे कोरलेला नाही, हेही आपण ध्यानात ठेवले पाहिजे. ज्यांनी ते दुःख भोगले, त्यांच्यासमोर ती कबुली आली नाही. थोर पुरुषाचेही असे परीक्षण करणे म्हणजे त्याचा अनादर नव्हे.

समारोप

‘सर्वांत थोर कोण?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. तरीही हा वाद निरर्थक नाही. तो नीट केला, तर आपण कशाला महत्त्व देतो हे आपल्यालाच कळते. त्यासाठी तीन गोष्टी पाळाव्यात : आपले माप आधी सांगावे, तेच माप आपल्या आवडत्या राजालाही लावावे, आणि ज्यांच्यावर राज्य केले गेले, त्यांचे म्हणणे शोधावे. या तीन गोष्टी पाळणारा माणूस वादात हरला, तरी काही शिकूनच उठतो.

विचार करा

१. पुरंदरच्या तहाच्या उदाहरणावरून विस्तार व टिकाऊपणा या मापांतील फरक स्पष्ट करा.
२. १७५१ मधील जयपूरच्या घटनेचे वर्णन एकदा जयपूरच्या रहिवाशाच्या आणि एकदा मराठा शिपायाच्या दृष्टीने प्रत्येकी पाच ओळींत लिहा.
३. तुमच्या मते थोर असलेल्या एका नेत्याची निवड करा. त्याला या पाठातील चारही मापे लावा व तुमचे मत कोठे बदलले, ते सांगा.