चाकरमानी गेले, घर सुने झाले

जून महिन्याचा पहिला आठवडा उलटला की एक ठराविक तक्रार घेऊन दवाखान्यात येणाऱ्यांची संख्या वाढते, असा आमचा दर वर्षीचा अनुभव आहे. "डॉक्टर, छातीत भरून आल्यासारखं होतं. जेवण जात नाही. पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही." येणारी बहुधा साठी ओलांडलेली गृहिणी असते. सोबत यजमान असतात. ते म्हणतात, "पावसाळी हवा बाधली असेल." आम्ही नाडी पाहतो, रक्तदाब मोजतो, हृदयाचा आलेख काढतो. सारे ठीक निघाले की एकच प्रश्न विचारतो, "मुंबईची मंडळी कधी गेली?" उत्तर येण्याआधी डोळ्यांत पाणी येते.

अशाच एका आजींनी मागे एकदा यजमानांना बाहेर बसायला सांगितले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांगू? गाडी सुटली तेव्हा हुश्श वाटलं. आणि आता त्याचंच वाईट वाटतंय. आपल्याच पोरांचं ओझं वाटावं म्हणजे काय?"

वाचकहो, आजचा लेख या प्रश्नाविषयी आहे.

आपल्या जिल्ह्याची जुनी कथा

मुलांनी मुंबईला जायचे आणि आईवडिलांनी वाट पाहायची, हे रत्नागिरी जिल्ह्याला नवे नाही. मुंबईच्या गिरण्या कोकणी माणसाच्या घामावर चालल्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा भोंगा थंडावला, पण मुंबईत रुजलेली कुटुंबे तिथेच राहिली. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांच्या पुढे होती. २०११ च्या जनगणनेत ती १६ लाख १५ हजारांवर आली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. या आकड्यांमागे घराघरांतली रिकामी पडवी आहे.

पूर्वी कोकणच्या बंदरांना लागणाऱ्या आगबोटी पावसाळ्यात बंद असत, म्हणून चाकरमान्याला पावसाच्या आत परतावे लागे. पुढे एस.टी. आली, २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. प्रवास सोपा झाला, पण जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, तेव्हा निरोपाची वेळ जवळजवळ तीच राहिली. आंबा संपतो, मृगाची सर येते आणि घर रिकामे होते, हे तिन्ही एकाच आठवड्यात घडते.

शरीरात आणि मनात काय होते?

मे महिन्यात घरातल्या बाईचे शरीर दुप्पट वेगाने चालते. पहाटे उठून दहा माणसांचा चहा, घावणे, दुपारी आमरस, रात्री अंथरुणे. त्यातच साठे वाळत घालायची, फणसपोळी करायची, आगोटीची बेगमी करायची. झोप कमी होते, पण नातवंडांच्या गडबडीत थकवा जाणवत नाही. मंडळी गेली की तो सगळा एकदम अंगावर येतो. म्हणजे पहिल्या चार दिवसांच्या गळाठ्यात दुःखाचा भाग असतोच, पण साध्या दमण्याचाही मोठा असतो.

दुसरी गोष्ट दिनक्रमाची. आपली भूक, झोप, हालचाल ही बरीचशी आजूबाजूच्या माणसांच्या घड्याळावर चालते. ते घड्याळच उठून गेले की भूक लागत नाही आणि झोपेची वेळ चुकते. त्यात आभाळ भरलेले, ऊन नाही, बाहेर पडणे नाही. उजेड कमी झाला की काहींचे मन आणखी मंदावते.

तिसरी गोष्ट त्या आजींच्या प्रश्नाची. सुटका वाटणे आणि चुटपूट लागणे या दोन भावना एकाच वेळी एकाच मनात राहू शकतात. हुश्श वाटले ते दमलेल्या कमरेला आणि गुडघ्यांना; डोळे भरले ते मायेने. एकीमुळे दुसरी खोटी ठरत नाही. तेव्हा अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. मुले मोठी होऊन घराबाहेर पडल्यावर येणाऱ्या या अवस्थेला मानसशास्त्रात 'रिकामे घरटे' म्हणतात. बारावीनंतर मुलाला पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात पोचवून आलेले आईबापही याच वाटेवरचे. आपल्याकडे फरक इतकाच, की घरटे दर मे महिन्यात भरते आणि दर जूनमध्ये पुन्हा रिकामे होते.

साधी हुरहुर कोणती, आजार कोणता?

साध्या हुरहुरीत माणूस रडतो, पण शेजारीण आली की बोलतो, हसतो. नातवाचा फोन आला की चेहरा खुलतो. दिवसागणिक थोडे हलके वाटते आणि आठ-दहा दिवसांत घडी बसते. याला औषध लागत नाही.

मात्र दोन आठवडे उलटूनही रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, जेवण तुटले असेल, वजन उतरत असेल, पहाटे लवकर जाग येत असेल, 'आपला आता कोणाला उपयोग नाही' असे शब्द तोंडी येत असतील, तर ते नैराश्य असू शकते. म्हातारपणी ते पुष्कळदा वेष बदलून येते. माणूस 'उदास आहे' असे म्हणत नाही. अंग दुखते, पोट साफ होत नाही, डोके जड आहे, विसरायला होते, असे म्हणतो. पुरुषांमध्ये चिडचिड वाढते किंवा संध्याकाळचा पेला वाढतो. 'वय झालं' म्हणून हे सोडून देऊ नये.

उलट, सगळेच मनाचे आहे असेही धरू नये. रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांतही असाच गळाठा येतो. तो रक्ताच्या तपासणीत कळतो. छातीत दुखणे, दम लागणे, घाम फुटणे असेल तर 'पोरं गेली म्हणून होतंय' असे न म्हणता ताबडतोब रुग्णालय गाठावे. जबर मानसिक धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा पडतो, असा एक विकार जपानी डॉक्टरांनी १९९० साली प्रथम वर्णिला. तो उतारवयातील स्त्रियांत अधिक दिसतो. घरात बसून त्याचा आणि हृदयविकाराच्या झटक्याचा फरक करता येत नाही.

काय करावे?

पहिले दोन दिवस विश्रांती घ्या. सगळी अंथरुणे एका दिवसात धुवून घडी करण्याची घाई नको. नातीची राहिलेली रिबन फळीवर चार दिवस राहिली तर काही बिघडत नाही.

जेवणाची वेळ मोडू नका. 'दोघांसाठी काय रांधायचं' म्हणत पेज आणि लोणच्यावर भागवणारी घरे आम्ही पाहतो. डाळ, कुळथाची पिठी, अंडे, भाजी यांतले काही रोज पोटात गेले पाहिजे. सुकी मासळी चवीला बरी, पण तिच्यात मीठ फार. रक्तदाब असणाऱ्यांनी बेताने खावी.

पाहुण्यांच्या गडबडीत गोळ्या चुकलेल्या असतात आणि मधुमेह्यांचा आमरसही थोडा जास्तच झालेला असतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या.

रोज उजेडात अर्धा तास काढा. पाऊस असेल तर पडवीत बसा, उघडला की पाय मोकळे करा. शेवाळावरून मात्र जपून. तरव्याची, परसातल्या भाजीची कामे झेपतील तेवढी करा. रोज एका तरी माणसाशी समोरासमोर बोला.

झोपेची गोळी मनाने घेऊ नका. वयस्कर माणसाचा रात्री तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते, आणि मग सगळेच अवघड होते.

मुंबईकरांसाठी दोन शब्द

पोचल्यावर त्याच दिवशी फोन करा. पूर्वी पोचल्याचे कार्ड यायला चार दिवस लागत. आता तेवढेही थांबावे लागत नाही. आठवड्याचा एक वार आणि वेळ ठरवून ती पाळा. फोनवर नुसते 'जेवलात का, गोळी घेतलीत का' विचारू नका. आईला काही तरी विचारा जे तिलाच ठाऊक आहे, मग ते सांदणाचे प्रमाण असो की जुन्या विहिरीची हकीगत. आणि पुढच्या येण्याचा दिवस सांगून ठेवा. बहुतेक घरांत तो गणपतीचा असतो. अधिक महिना आलेल्या वर्षी ती वाट लांबते, तेव्हा मध्ये एक फेरी जमली तर पाहा.

मदत कुठे मिळेल?

दोन आठवड्यांत घडी बसली नाही, तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी स्पष्ट बोला. नैराश्यावर चांगले उपचार आहेत. औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि या गोळ्या झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लावणाऱ्या नसतात; मात्र त्या विचारल्याशिवाय थांबवू नयेत. रत्नागिरीत १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. त्याचे नाव काढले की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी परतता येते. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मराठीतही विनामूल्य बोलता येते. 'जगण्यात अर्थ नाही' असे कोणी बोलले तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्या माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

त्या आजींना आम्ही कोणतीही गोळी दिली नाही. जे आम्ही इथे लिहिले तेच सांगितले, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावले. त्या आल्या तेव्हा छातीविषयी काही बोलल्या नाहीत. हातातल्या पिशवीतून फणसपोळीची पुडी काढून म्हणाल्या, "मुंबईला धाडायची राहिली होती. धाकट्याला पत्ता विचारलाय. ही तुमच्या मुलांना."

आपल्या वाडीत अशी एखादी पडवी नुकतीच रिकामी झाली असेल, तर या आठवड्यात तिथे जाऊन चहा घेऊन या.