घरी शिकलेल्या मुलाचा दाखला

१९१६ सालची गोष्ट. बडोद्याच्या घरी आई स्वयंपाक करीत असताना वीस वर्षांच्या विनायक नरहर भावे यांनी आपली शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे चुलीत टाकली. ठेवली तर पुढेमागे उपयोगी पडतील, असे आईचे म्हणणे. नोकरीच करायची नाही तर ती ठेवायची कशाला, असे मुलाचे उत्तर. पुढे तेच विनायकराव विनोबा होऊन १९२१ साली वर्ध्यास आले आणि या जिल्ह्याचेच झाले. ही कथा आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. तिच्यातील एक गोष्ट मात्र सांगणाऱ्यांच्या ध्यानातून निसटते. ती प्रमाणपत्रे आधी विनोबांच्या हाती होती, आणि जाळली तीही त्यांनी स्वतःच.

या कथेची आठवण होण्याचे कारण असे की, मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविणारे आईबाप आता केवळ महानगरांतच राहतात असे नाही. शाळेतील घोकंपट्टीला, शिकवण्यांच्या बाजाराला आणि गुणांच्या शर्यतीला कंटाळलेली सुशिक्षित कुटुंबे हा मार्ग धरू लागली आहेत. त्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो. परंतु मूल चौदा-पंधरा वर्षांचे झाले, की एक अगदी साधा प्रश्न दारात येऊन उभा राहतो: हे मूल काय शिकले, किती शिकले, हे जगाला सांगायचे कोणी, आणि जगाने ते मानायचे कशाच्या आधारावर?

हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. किंबहुना वर्ध्याइतका तो दुसऱ्या कोणत्याही गावाने खोलवर विचारलेला नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपला अहवाल सादर केला. हस्तोद्योगाच्या आधारे शिक्षण, ही त्या योजनेची बाजू सर्वांना माहीत आहे. तितकीच महत्त्वाची असलेली दुसरी बाजू विस्मरणात गेली. प्रचलित परीक्षापद्धती हा शिक्षणाला लागलेला शाप आहे, असा निर्वाळा समितीने दिला होता. आणि नुसता निर्वाळा देऊन ती थांबली नव्हती. मुलाला वरच्या वर्गात घालावे की नाही, हे त्याच्या वर्षभराच्या कामाच्या काळजीपूर्वक ठेवलेल्या नोंदींवरून शिक्षकांनी ठरवावे, आणि निरीक्षकांनी एका क्षेत्रातील शाळांमधून निवडक मुलांची चाचणी घेऊन तेथील शाळांच्या कामाची पारख करावी, अशी ती व्यवस्था होती. म्हणजे मुलाविषयी बोलायचे ते त्याच्यासोबत काम करणाऱ्याने. आणि बाहेरच्या अधिकाऱ्याने तपासायचे ते त्या बोलण्याचा खरेपणा.

सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघाने आर्यनायकम् दांपत्याच्या देखरेखीखाली हा प्रयोग चालविला. तो पुढे का ओसरला याची कारणे अनेक आहेत. त्यांतील एक अत्यंत व्यावहारिक होते. उत्तर बुनियादी पूर्ण केलेल्या मुलाच्या हाती जे ज्ञान होते, त्याला विद्यापीठाच्या आणि सरकारी कचेरीच्या दारात चलन नव्हते. महादेवभाई देसाई यांचे चिरंजीव नारायणभाई यांनी लहानपणीच शाळा सोडली. साबरमती आणि सेवाग्रामच्या आश्रमांत वडिलांच्या हाताखाली ते शिकले आणि २००७ साली गुजरात विद्यापीठाचे कुलपती झाले. पण नारायणभाईंना ओळखणारे एक सारे जग होते. ज्याला ओळखणारे कोणी नाही, अशा मुलाला कागद लागतो. कागदाचा तिटकारा करणे ही अनेकदा ओळखीपाळखी असलेल्यांनाच परवडणारी चैन असते, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

आजची स्थिती काय आहे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले. तसे न करणाऱ्या पालकाला शिक्षा मात्र सांगितलेली नाही. गृहशिक्षणाला कायद्यात बंदीही नाही आणि स्थानही नाही. अशा मुलांसाठी वाटा आहेत त्या सगळ्या शेवटच्या टोकाला. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला माध्यमिक परीक्षा देता येते. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, आणि अन्य मान्य मंडळातून उत्तीर्ण केलेल्या दोन विषयांपर्यंतचे श्रेयांक जमेस धरले जातात. महाराष्ट्र शासनानेही २०१७ साली राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा निर्णय घेतला. नागपूर विभागीय मंडळाकडे सतरा नंबरचा अर्ज भरून खासगी रीतीने दहावीस बसण्याची जुनी सोय आहेच. त्या अर्जासोबत मागतात तो शाळा सोडल्याचा दाखला. जे मूल शाळेत कधी गेलेच नाही, त्याने शाळा सोडल्याचा दाखला आणायचा कोठून?

शिवाय मुक्त शाळेचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे सारे मिटले असे नाही. २०१८ च्या जानेवारीत, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तोंडावर, मुक्त विद्यालयाचे विद्यार्थी अपात्र असल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ती अट रद्द ठरविली, आणि त्यावरचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात २०२४ पर्यंत रेंगाळला. ज्या सेवाग्रामात महात्माजींच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून उभे आहे, तेथील एखाद्या मुलाने शाळेबाहेर शिकून डॉक्टर होण्याचे मनात आणले असते, तर त्याची उमेदीची वर्षे अशा टांगणीत गेली असती. आईबापांच्या तत्त्वनिष्ठेची किंमत मुलाने मोजायची, ती अशी.

आता नवे शैक्षणिक धोरण म्हणते की हे सारे बदलेल. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार शालेय वर्षही श्रेयांकांत मोजले जाणार आहे: वर्षाचे १२०० अध्ययन-तास, तीस तासांना एक श्रेयांक, म्हणजे वर्षाला चाळीस. कल्पना आकर्षक आहे, पण तिचे मूळ पाहण्यासारखे आहे. तासांवर शिक्षण मोजण्याची ही रीत अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी रुजली. प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देण्यासाठी स्थापन झालेल्या कार्नेगी प्रतिष्ठानाला, कोणते महाविद्यालय खरे महाविद्यालय मानायचे हे ठरवायचे होते. त्यासाठी प्रवेशेच्छू विद्यार्थ्याने माध्यमिक शाळेत किती विषय किती तास शिकलेले असावेत याचे माप ठरले, आणि वर्षाला १२० तासांचे एक एकक रूढ झाले. म्हणजे हे माप प्रशासनाच्या सोयीचे. मुलाला काय उमगले याच्याशी त्याचा संबंध दूरचा. त्याच अमेरिकेत आज घरी शिकणाऱ्या मुलाचे गुणपत्रक बहुतेक राज्यांत आईबापच तयार करतात आणि त्यात हे तासच भरतात. घरात घंटा वाजत नाही, पण वाजल्यासारखे दाखवावे लागते.

त्यापेक्षा वर्ध्याची रीत अधिक प्रामाणिक होती. कापूस पिकविणाऱ्या या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. टकळीवर सूत काढणाऱ्या मुलीने ६४० तारांची गुंडी मोजली, तिचे वजन केले आणि त्यावरून सुताचा अंक काढला. यात गुणाकार आहे, भागाकार आहे, दशांश अपूर्णांक आहेत. 'अमुक दिवशी तिने हे गणित कोणाच्या मदतीवाचून केले. दशांश चिन्ह एकदा चुकले, ते तिने स्वतः हुडकून काढले', ही नोंद वाचणाऱ्याला त्या मुलीचे गणित दिसते. 'गणित: अ-२' वाचून काहीच दिसत नाही, आणि 'गणित: चार श्रेयांक' वाचूनही नाही.

यावर दोन आक्षेप निघतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, आपल्या पोराविषयी आईबाप चांगलेच लिहिणार. ते खरे आहे. शिक्षकांच्या नोंदींचा अनुभवही फारसा वेगळा नाही: २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकेच बाजारात मिळू लागली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गृहशिक्षणाला सरसकट मान्यता दिली, तर कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात राबणारी, किंवा धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी ठेवलेली मुलगीही कागदोपत्री 'घरी शिकत' असेल. शिक्षणहक्काचा कायदा अशाच मुलीसाठी झाला आहे, आणि तिचे कवच काढून घेणारी कोणतीही सवलत आपल्याला नको.

म्हणूनच झाकिर हुसेन समितीच्या त्या दुहेरी व्यवस्थेकडे परत जायला हवे. घरी शिकविणाऱ्या पालकाने मुलाच्या कामाची तारीखवार नोंद ठेवावी; तिच्यात निर्वाळे कमी आणि मुलाचे प्रत्यक्ष काम अधिक असावे. वर्षातून दोनदा जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकाने, केंद्रप्रमुखासमक्ष, ती नोंद पाहावी आणि मुलाशी तासभर बोलावे. त्याने गुण देऊ नयेत. नोंदीत लिहिले आहे ते मुलाला खरोखर येते की नाही, एवढेच पाहून सही करावी. नोंद कशी ठेवावी याचा नमुना जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने द्यावा. मूल दिसत नसेल किंवा नोंद कोरी असेल, तर कायद्याप्रमाणे त्याला शाळेत आणावे. आणि अशा सह्यांची वही शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या जागी विभागीय मंडळाने ग्राह्य धरावी. यासाठी नवे खाते लागणार नाही. लागेल तो एक शासननिर्णय आणि शिक्षकावर थोडा विश्वास.

याचा लाभ मूठभर सुखवस्तू कुटुंबांनाच होईल, असेही कोणी समजू नये. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेले मूल चार महिन्यांनी परतते, तेव्हा वयानुरूप वर्गात त्याला बसवायचे हे कायद्याने ठरलेले असते, पण त्याला काय येते हे शिक्षकाला अंदाजानेच ठरवावे लागते. त्या मुलाच्या हाती अशी वही असेल, तर शिक्षणाचा तुटलेला धागा नेमका कोठून जोडायचा हे तरी कळेल. शाळेबाहेर शिकलेल्याला मान देणारी व्यवस्था या मुलालाही मान देईल, तरच ती खरी वर्ध्याची म्हणता येईल.

विनोबांचा त्याग मोठा होता. पण त्यांच्या आईवडिलांनी त्यांना शिकू दिले होते, परीक्षा देऊ दिल्या होते, म्हणूनच तो त्यांना करता आला. मुलाला शाळेत घालायचे की नाही, हे आईबापांनी आपल्या विचाराप्रमाणे ठरवावे. परंतु त्याने जे शिकून घेतले त्याचा विश्वासार्ह कागद त्याच्या हाती असलाच पाहिजे, आणि तो त्याला मिळेल हे पाहणे शासनाचे व समाजाचे काम आहे. पुढे वीस वर्षांचा झाल्यावर तो कागद जपायचा की चुलीत टाकायचा, हे त्याचे त्याने ठरवावे. त्याच्या वतीने तो आधीच जाळून टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही.